मृगाजिनाच्या गावाला

इंदूरला आलेला पाहुणा राजवाडा बघतो, लालबाग बघतो, काचमंदिरात आपलीच तोंडं चहूकडून बघून खूश होतो, सराफ्यात रात्री लागणाऱ्या ठेल्यांवर पोट फुटेस्तोवर खातो आणि ‘झालं इंदूर’ म्हणून गाडीत बसतो. माझ्या माहेरचे, वाईचे, सगळे असेच. शहराची वेस ओलांडून बैलगाडीने अर्धा दिवस गेलं की केवढं मोठं रान लागतं, त्यात चितळं आहेत, नीलगाई आहेत, मोर तर विचारूच नका, असं मी सांगायला लागले की म्हणतात, “असेल बाई, पण तिथे खायला काय मिळतं?” त्यांना हसायचा मला तरी काय अधिकार? इतकी वर्षं इंदुरात नांदूनही मी तिकडे फिरकले नव्हते. गेले ती आमच्या आत्याबाईंच्या हट्टापायी. आणि आता मात्र ज्याला त्याला सांगत सुटले आहे की, बाबांनो, राजवाडा राहू द्या, आधी रमणा बघा.

छत्रीबाग

आत्याबाई म्हणजे माझ्या सासऱ्यांची थोरली बहीण. ऐन विशीत विधवा होऊन माहेरी आल्या, त्या जन्मभर भावाजवळच, छत्रीबागेतल्या आमच्या घरी राहिल्या. माझे सासरे, म्हणजे मामंजी, संस्थानच्या शिकारखान्यात कारकून होते. बंदूक त्यांनी कधी हातात धरली नाही. तंबू किती लागले, हाकाऱ्यांना शिधा किती गेला, एवढंच त्यांचं काम. एकदा महाराजांच्या कुणा पाहुण्याने रमण्यात काळवीट मारला. रमणा म्हणजे राजाचं राखीव रान, तिथे बंदूक उडायची ती राजाची नाहीतर त्याच्या पाहुण्यांची. त्या काळविटाचं कातडं कमावून मामंजींना बक्षीस मिळालं. त्यांनी ते घरी आणलं आणि नुकत्याच परत आलेल्या बहिणीपुढे पसरलं. “अक्का, जपाला बसायला.” मग म्हणाले, “फार देखणं जनावर होतं गं. तुला एकदा जितं दाखवीन.” त्या रात्री मामंजी जेवले नाहीत म्हणे.

तेव्हापासून आत्याबाईंचा जप त्या मृगाजिनावर. रोज पहाटे अंघोळ करून, आलवण नेसून त्यावर बसायच्या ते सूर्य चांगला वर येईस्तोवर. जितं जनावर बघायचं तेवढं राहूनच गेलं. राजाच्या रमण्यात कारकुनाच्या बहिणीला कोण पाऊल टाकू देणार? पुढे राज गेलं, मध्यभारत झालं, जंगलखात्याची एक चिठ्ठी घेतली की कुणालाही आत जाता येऊ लागलं. पण तोवर मामंजी गेले होते, आणि आत्याबाईंचे डोळेही जात चालले होते.

मोतीबिंदू, दोन्ही डोळ्यांत. डावा संपल्यात जमा. उजव्याने समोर माणूस आहे की खांब आहे, एवढं कळायचं. मी लग्न होऊन आले तेव्हाही हेच, मग ते वाढतच गेलं. आमचे डॉक्टर पलासियाला राहायचे. तिथे तेव्हा बंगले थोडे आणि माळच जास्त होता. त्यांनी डोळे तपासले आणि म्हणाले, “माँजी, अब निकलवा लीजिए. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत थांबलात तर मग मी हात लावणार नाही.”

आमच्या गल्लीतल्या एका बाईंचा मोतीबिंदू असाच कुठेतरी काढवून आणला होता आणि होता तो उजेडही गेला होता. ते आत्याबाईंच्या मनात घर करून बसलं होतं.

“काढा,” त्या शेवटी म्हणाल्या. “पण आधी माझं एक बघायचं राहिलंय, तेवढं दाखवा. मग डोळे कापा नाहीतर उपटून फेका, मी हूं की चूं करणार नाही. ते बघितल्याशिवाय मात्र बिलकुल नाही.”

“काय बघायचंय, माँजी?”

“ज्याच्या पाठीवर बसून जन्म काढला, त्याचं तोंड बघायचंय.”

डॉक्टर हसले. मला मात्र रागच आला. इथे आमची काय गडबड चालली होती आणि यांचं हे काय! आमचं मध्यभारत सरकार म्हणजे दोन घरचा पाहुणा. उन्हाळाभर राजधानी इंदूरला, हिवाळाभर ग्वाल्हेरला. माझे यजमान सचिवालयात, त्यामुळे दिवाळी झाली की दप्तरं चालली ग्वाल्हेरला आणि दप्तरांच्या मागे आमचं बिऱ्हाड. ट्रंका अर्ध्या भरलेल्या. ऑपरेशन व्हायचं ते दप्तर हलायच्या आत व्हायला हवं, नाहीतर गेलं उन्हाळ्यावर, म्हणजे गेलंच. रात्री मी यांना म्हटलं, “तुमच्या आत्याला म्हणावं, चित्र दाखवते पुस्तकातलं.”

हे म्हणाले, “बाबांनी तिला शब्द दिला होता गं.” आणि सकाळी उठून रजा टाकून आले. यांचं असंच. बोलायचं काही नाही, करून मोकळं व्हायचं.

वाटेवर

आत्याबाईंचं सामान बघाल तर काशीला निघाल्यासारखं. सोवळ्याची वळकटी, ताम्हन, पळीपंचपात्र, दुधात भिजवून केलेल्या दशम्या, बेसनाचे लाडू आणि या सगळ्यावर सुतळीने बांधलेली मृगाजिनाची गुंडाळी.

“आत्याबाई, हे कशाला?”

“मग जपाला काय गाडीवानाच्या मांडीवर बसू?”

गाडीवान गंगाराम हे ऐकून असा हसला की बैल थांबले. हा मूळचा गौतमपुऱ्याचा. त्याच्या गावी दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी हिंगोटाची लढाई होते. हिंगोट नावाचं फळ असतं, ते पोखरून त्यात दारू ठासतात आणि दोन्हीकडचे गडी पेटवून एकमेकांवर सोडतात. आमच्या वाईला पाडव्याला बायको नवऱ्याला ओवाळते, इथे गडी एकमेकांना जाळतात. गंगारामची उजवीकडची मिशी नुकतीच त्यात गेली होती आणि डावी तो मोठ्या अभिमानाने पिळत होता. रान तर त्याला अंगणासारखं माहीत, असं त्यानेच आम्हाला सांगितलं.

नवलखा मागे पडला आणि शहर संपलं. मला अजूनही या मुलुखाची गंमत वाटते. आमच्याकडे डोंगर उभे असतात, मान वर करून बघावे लागतात. इथे जमीन लांबच लांब पसरलेली, काळीभोर, आणि आभाळ तिच्यावर टेकलेलं. ज्वारी कापून झाली होती, हरभरा वीतभर वर आला होता. मध्येच पळसाची झाडं, त्यांना इथे खाखरा म्हणतात. समोर राळामंडळची टेकडी, तिच्या माथ्यावर राजाची जुनी शिकारकोठी. तिच्या पायथ्यापासून सगळा रमणा.

“आत्याबाई, टेकडी आली.”

“कुठे?”

मी त्यांचा हात धरून तिकडे केला. त्यांनी तोंड वर केलं, कपाळावर हात आडवा धरला. “हौ,” म्हणाल्या, “काहीतरी मोठं आहे खरं.” आणि मग हळूच, “भाऊ इथे यायचा.”

माझा राग तिथेच कुठेतरी उतरला.

पटेलांचं अंगण

मुक्काम रमण्याच्या कडेच्या गावात, पटेलांच्या, म्हणजे गावच्या पाटलांच्या घरी होता. पटेलांची बायको, पटलन, दारात उभी. तिने आत्याबाईंना वाकून नमस्कार केला आणि पहिलाच प्रश्न विचारला, “माँजी, तम तो म्हारा हाथ को खाओगा नी. तो कई करां?”

आमच्या बाजूला एखादी रुसली असती. ही मात्र हसत हसत अंगणाचा एक कोपरा शेणाने सारवून, नवीन चूल मांडून, गव्हाचं पीठ, तुरीची डाळ आणि तुपाची लोटी ठेवून बाजूला झाली. आत्याबाईंनी चाचपून चाचपून सगळं स्वतः केलं. पटलन लांब उभी राहून सांगत होती, या करत होत्या. पिठाचे गोळे आधी उकळत्या पाण्यात शिजवायचे, मग गोवऱ्यांच्या निखाऱ्यात खरपूस भाजायचे, फोडायचे आणि तुपात बुडवायचे. हे बाफले. आंघोळ तुपाने घालायची, शिंपडायचं नाही, हे पटलनने बजावून सांगितलं. मी एक खाल्ला आणि दुसऱ्याला नको म्हटलं, तर पटलनला वाटलं मी आजारी आहे.

“शेण गाईचं, तूप गाईचं, पाणी विहिरीचं. ह्यात बाटायला आहे काय?” आत्याबाई म्हणाल्या आणि मजेत जेवल्या.

आता या सगळ्याचा परिणाम बघा. पहाटे अंघोळ, मग जप, मग पूजा, मग सोवळ्यातला स्वयंपाक, मग जेवण, मग उष्टी-खरकटी. आमची गाडी रानात शिरायला सूर्य डोक्यावर. पहिल्या दिवशी आम्हाला भर दुपारी काय दिसलं? लंगुरांची एक टोळी. तिच्यातल्या एकाने यांच्या हातातला लाडू असा उचलला की जणू तो त्याच्यासाठीच धरला होता. दोन मोर रस्ता ओलांडून गेले. एका झाडाखाली नीलगाई बसल्या होत्या, त्या उठल्यासुद्धा नाहीत. काळवीट नाही.

“काल तो यांज था, बाबूजी! राम की सौगन!” गंगाराम म्हणाला.

पुढच्या वळणावर पुन्हा तेच. त्याच्या पुढच्या ओढ्यावर पुन्हा तेच. गंगारामचे काळवीट सगळे काल इथेच होते. आज कुठे आहेत, ते त्याला ठाऊक नव्हतं, आणि ते कबूल करण्याइतकी त्याची दुसरी मिशी जळली नव्हती.

आत्याबाई गाडीत ताठ बसून होत्या. मधूनमधून विचारायच्या, “आलं का गं?”

“अजून नाही.”

“बरं.”

बाभळीच्या डावीकडे

दुसऱ्या दिवशी दिसले. खोटं कशाला सांगू, मीसुद्धा ओरडले. पिवळ्या गवताचा एवढा थोरला माळ, त्याच्या पार त्या टोकाला बाभळ, आणि बाभळीच्या अलीकडे हरणांचा कळप. तांबूस माद्या, आणि त्यांच्यात एकच काळा. पिळदार शिंगं, पोट पांढरं स्वच्छ.

“आत्या, ते बघ! बाभळीच्या डावीकडे!” हे ओरडले.

“माँजी, सामने! सामने देखो!” गंगाराम गाडीच्या जुवावर चढून उभा.

यांनी ऑफिसातल्या कुणाची तरी दुर्बीण मागून आणली होती. ती आत्याबाईंच्या डोळ्यांना लावली. “हिच्यात तर अजूनच अंधार आहे रे,” म्हणून त्यांनी ती बाजूला सारली. ऊन असं काही तळपत होतं की आपल्यालाच डोळे बारीक करावे लागत होते. आत्याबाईंनी दोन्ही हातांची सावली केली. मान इकडे वळवली, तिकडे वळवली. आम्ही तिघंही एकदम बोलत होतो. गवताकडे बघा, अहो इतकं वर नाही, हां, आता थोडं उजवीकडे.

“हां हां,” त्या एकदम म्हणाल्या. “दिसलं. दिसलं रे बाळू. छान आहे.”

यांचा चेहरा असा फुलला! गंगारामने बैलांनाच शाबासकी दिली. मी मात्र आत्याबाईंच्या शेजारी बसले होते, आणि त्या हात जोडून बघत होत्या ते भलतीकडेच, जिथे नुसतं गवत होतं. मी दुर्बीण पेटीत भरून ठेवली.

संध्याकाळी पटेलांच्या ओसरीवर त्यांचे पाय चेपत होते तेव्हा त्यांनीच विषय काढला.

“सुशे, मी खोटं बोलले गं.”

“मला कळलं होतं.”

“मग बोलली का नाहीस?”

“तुम्ही का बोललात?”

“पोरगं रजा काढून आलंय. तो मुआ गाडीवान जुवावर चढला, पडून मरता ना! तुम्ही इतकं ओरडत होतात, मला वाईट वाटलं.” त्यांनी डोळ्यांवरून हात फिरवला. “सगळं पांढरं पांढरं दिसतं गं उन्हात. पीठ उडवल्यासारखं. उद्या परत जाऊ. नशिबात नाही. डॉक्टरला सांग, डोळे राहू देत जसे आहेत तसे.”

“असं कसं? हट्ट आहे का हा?”

“हट्टच आहे. हट्ट करायला दुसरं काय होतं माझ्याजवळ आजवर?”

मी पाय चेपत राहिले. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि एकदा वाटलं बरं आहे यांना दिसत नाही. लगेच त्या विचाराचीच लाज वाटली.

हरभऱ्याचं शेत

तिसऱ्या दिवशी पहाटे आत्याबाई विहिरीवर अंघोळ करून आल्या आणि अंगणात जपाला बसल्या, तोच पटेलांची शेळी सुटली. तिने येऊन मृगाजिनाचं शेपूट चघळायला सुरुवात केली. आत्याबाई मौनात, त्यामुळे ओरडता येईना. त्यांनी हाताने हटकलं तर ती हात चाटू लागली. मी धावत येऊन शेळी ओढली, पण मौन मोडायचं ते मोडलंच.

“इथे नको बाई. मला गावाबाहेर कुठेतरी ने. शेवटच्या दिवशी तरी निवांत होऊ दे.”

हे झोपलेले, गंगाराम घोरत असलेला. आम्ही दोघीच निघालो. थंडी अशी की दात वाजत होते. आमच्या वाईला दिवाळीत थंडी पडते, पण ही माळव्याची थंडी हाडात बसते. त्यात आत्याबाईंच्या अंगावर ओलेतं वाळलेलंसुद्धा नाही. त्या पुढे, काठी टेकत. मी मागून “डावीकडे, आता उजवीकडे” करत, कारण शिवायचं नाही. गाव संपलं, हरभऱ्याचं शेत लागलं. त्याच्या बांधावर एक खाखरा होता. त्याच्याखाली मी मृगाजिन पसरायला गेले तर म्हणाल्या, “तू लांब हो, मी पसरते.” पसरलं, बसल्या, डोळे मिटले, माळ घेतली. मी सोवळ्याबाहेर, म्हणून वीसेक पावलांवर बांधाच्या आड शाल गुंडाळून बसले.

सूर्य टेकडीच्या मागेच होता. उजेड आला होता पण ऊन नव्हतं. सगळं शांत. हरभऱ्यावर दव इतकं की शेत पांढुरकं दिसत होतं. मला डुलकी लागणार होती.

शेताच्या पलीकडून काहीतरी हललं. आधी एक हरणी आली. मग दुसरी. हरभऱ्याचे शेंडे खुडत खुडत, कुठलीही घाई नाही. मी श्वास धरला. आणि त्यांच्या मागून तो आला. आदल्या दिवशी माळावर अंगठ्याएवढा दिसला होता. आता शिंगांचे वेढे मोजता आले असते. तो थेट बांधाकडे येत होता. वारा त्याच्याकडून आमच्याकडे होता. खाखऱ्याखाली बसलेलं ते तांबडं आलवण त्याला वारूळ वाटलं की काय, देव जाणे. कारण आत्याबाई हलतच नव्हत्या. इतक्या वर्षांची सवय. आम्ही तिघं गाडी घेऊन दोन दिवस रान हुडकत होतो, आणि या नुसत्या बसल्या होत्या.

आणि त्यांचे डोळे मिटलेले होते!

अहो, माझी काय दशा झाली ती कशी सांगू? हाक मारावी तर तो पळणार. न मारावी तर हे असं समोर उभं असताना यांना कळायचंच नाही. माळ संपल्याशिवाय आत्याबाई डोळे उघडत नाहीत, घराला आग लागली तरी. मी त्यांच्या बोटांकडे बघत होते. एकेक मणी सरकत होता, सावकाश, अगदी सावकाश. जन्मात कधी मी कुणाच्या जपावर इतकी चिडले नसेन. देवा, मी म्हटलं, एवढी एक माळ तू भरभर ओढून घे, बाकीच्या मी बसून करीन.

काळवीट थांबला. मान खाली घालून त्याने बांधावरचं गवत हुंगलं. आता तो आत्याबाईंपासून गाडीच्या लांबीएवढाही दूर नव्हता. त्याच्या नाकातून वाफ येताना मला दिसत होती. त्याने एकदा फुरकन आवाज केला.

आत्याबाईंचं बोट थांबलं. मेरुमणी आला होता की त्यांनी ऐकलं होतं, मला माहीत नाही. नंतरही मी विचारलं नाही. त्यांनी माळ कपाळाला लावली आणि डोळे उघडले.

दोघं एकमेकांकडे बघत होते.

आत्याबाई दचकल्या नाहीत. चेहऱ्यावर काही हललं नाही. मग मी बघितलं, त्यांनी एक हात जमिनीवर टेकला. मग दुसरा. आणि हळूहळू, अगदी तसूतसूने, त्या मृगाजिनावरून खाली सरकल्या. दवाने भिजलेल्या मातीत बसल्या आणि हात जोडले.

“बाळा,” त्या म्हणाल्या, “इतका मोठा होतास होय रे तू?”

आवाज झाला आणि सगळं शेत उडालं. माद्या उड्या मारत निघाल्या, तो त्यांच्यामागून. दोन झेपांत बांध ओलांडून दिसेनासा झाला. नंतर टेकडीवरून ऊन आलं.

मी धावत गेले. सोवळं-बिवळं विसरून त्यांना मिठीच मारली. त्यांनीही मला ढकललं नाही.

“दिसलं? खरं सांगा हं! खरं!”

“डोळे काळे,” त्या म्हणाल्या. त्यांच्या सुरकुत्यांतून पाणी वाहत होतं. “काळेभोर, आणि भोवती पांढरं कडं. ओलसर. मी भाऊला किती विचारायची, डोळे कसे होते रे त्याचे? त्याला सांगताच यायचं नाही. पाठ माझ्या ओळखीची आहे गं. जन्मभर हात फिरवलाय. पण कातड्याला डोळे नसतात ना.”

पुढे डॉक्टरांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, असे डोळे भर उन्हात दिपतात, कमी उजेडात जरा बरं दिसतं. तुम्ही दुपारी नेत होतात, तिथेच चुकलात. चुकलो खरे. पण सोवळं आटपून निघायला दुपार व्हायची, आणि त्याच सोवळ्यापायी पहाटे गावाबाहेर बसायला गेलो. आता काय म्हणाल?

परत येताना मृगाजिन त्यांनी ना मला धरू दिलं, ना गाडीत टाकू दिलं. लेकरू घ्यावं तसं कवटाळून बसल्या होत्या. गंगारामला सगळं सांगितलं तर मिशी पिळत म्हणाला, “मैं तो पेलांज के रियो थो, यांज हे!” म्हणजे हा पहिल्यापासूनच सांगत होता, इथेच आहे! यावर आत्याबाईसुद्धा हसल्या.

पुन्हा छत्रीबाग

घरी आल्यावर त्यांनी मृगाजिन स्वच्छ पुसलं, घडी केली आणि देवघराच्या कोनाड्यात ठेवलं. आता जप चटईवर. बसण्याआधी कोनाड्यात हात घालून त्याच्या पाठीवर एकदा हात फिरवतात, मग बसतात. मी विचारलं, सोडून द्यायचं का नदीत? तर म्हणाल्या, “भाऊने दिलंय. आणि ओळख झाल्यावर कुणी असं घराबाहेर काढतं का?”

ऑपरेशनला त्या जत्रेतल्या पाळण्यात बसायला निघाल्यासारख्या निघाल्या. दप्तर ग्वाल्हेरला गेलं, त्याच्यामागून हे गेले, मी राहिले. डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावून निजवलं होतं, मान वळवायची नाही, खोकायचं नाही. शेजारच्या खाटांवरचे लोक कण्हत होते, चुळबुळत होते. आत्याबाई निपचित. नर्सबाई मला सांगायच्या, “ऐसी पेशंट मैंने देखी नहीं.” मी म्हणायचे, आम्ही बघितली आहे, रानात.

पट्टी सुटली त्या दिवशी डॉक्टरांनी जाड भिंगांचा चष्मा त्यांच्या नाकावर चढवला. त्यांनी आधी आपले हात उलटेपालटे करून बघितले. मग खिडकी बघितली. मग माझ्याकडे वळल्या.

“ही कोण?”

“मी, सुशी.”

“अगं बाई! तू सावळी आहेस होय? भाऊने तर मला सांगितलं होतं, गोरीपान सून आणली म्हणून!”

डॉक्टर हसले, नर्सबाई हसल्या, मीही हसले. “मामंजींनी फसवलं तुम्हाला.”

“फसवायचाच तो. मला बरं वाटावं म्हणून.” मग त्यांनी हात पुढे केला. “इकडे ये. अजून. अजून जवळ ये.”

मी खाटेशी बसले. त्यांनी माझी हनुवटी धरली आणि माझं तोंड उजेडाकडे वळवलं.

“हलू नको,” त्या म्हणाल्या.

मी हलले नाही. त्या बघत राहिल्या, अगदी तशाच, हरभऱ्याच्या शेतात बघत होत्या तशा.

“इतकी वर्षं तुझा हात धरून चालले गं मी,” त्या म्हणाल्या. “डोळे आज बघितले.”